पंधरा रुपयांचा उतारा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, तेव्हा त्यांनी धान्य आणि कापड लुटले हे खरे. परंतु पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांच्या गावागावांतून जो क्षोभ पसरला, त्याचा रोख सावकाराच्या पेटीतील रुपयांवर नसून त्याच्या दप्तरातील कागदांवर होता. ज्याने खते, रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे निमूटपणे स्वाधीन केले त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही. ज्याने ते देण्यास नकार दिला त्याच्यावरच प्रसंग गुदरला. स्वतःच्या नावाची अक्षरेही न ओळखणाऱ्या, सहीच्या जागी नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याने आपल्या दैन्याचे मूळ कोठे आहे हे अचूक हेरले होते. सरकारनेही ते निदान अर्धेमुर्धे मान्य केले असे म्हणावयास हरकत नाही, कारण १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा झाला त्याने न्यायाधीशाला खतावरचा आकडा प्रमाण न मानता त्यामागचा देण्याघेण्याचा सगळा इतिहास उकरून पाहण्याची मुभा दिली.

हे स्मरण करून देण्याचे कारण असे की, गेल्या पंचवीस वर्षांत यंत्राने खेड्यातील जीवन कसे पालटले याची चर्चा निघाली म्हणजे आपण मोबाइलची, मोटारसायकलची, फार तर ठिबक सिंचनाची गोष्ट करतो. परंतु ज्या पालटाने शेतकऱ्याच्या जीविताच्या अगदी मुळाशी हात घातला, तो दप्तरात घडला आणि म्हणूनच शहरातल्या वाचकाच्या दृष्टीस फारसा पडला नाही. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, राज्य शासनाने डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा लोकांना खुला केला. ज्या कागदासाठी शेतकऱ्याच्या दोन-तीन पिढ्यांनी चावडीच्या पायऱ्या झिजविल्या, तो आता पंधरा रुपये भरले की घरबसल्या मिळतो. त्यावर क्यूआर कोड असतो, आणि बँकेने किंवा कचेरीने त्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीचा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही. राज्यातील असे उतारे सुमारे अडीच कोटी आहेत. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. नक्कल देण्याच्या निमित्ताने चालणारा जुलूम संगणकाने मोडून काढला आणि हे काम लहान नव्हे. परंतु नोंद खरी की खोटी हा प्रश्न त्याने सोडविलेला नाही, आणि ती खरी करून घेण्याचा भार पूर्वी जो थोडाबहुत सरकारी दप्तरावर होता तो मात्र त्याने अलगद उचलून शेतकऱ्याच्या शिरावर ठेवला आहे.

जमिनीचे अचूक माप आणि अचूक हिशेब यांच्या जोरावर शेतकऱ्याचे कल्याण करू निघालेल्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांच्या आतच प्रिंगल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे पुणे भागातील जमिनींच्या मोजणीचे आणि आकारणीचे काम आले. विलायतेत रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धान्ताचे संस्कार झालेला हा बुद्धिमान आणि कष्टाळू गृहस्थ. त्याने प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरीव हिस्सा सरकारचा, असे निर्दोष गणित मांडले. गणितात चूक नव्हती. परंतु ज्या कारकुनांनी आणि मोजणीदारांनी आकडे आणून दिले त्यांनी हात ओले झाले तेथे जमीन हलकी लिहिली आणि कोरडे राहिले तेथे भारी. त्यातच धान्याचे भाव कोसळले, आणि इंदापुरासारख्या तालुक्यात लोक शेते टाकून परागंदा होऊ लागले. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नव्याने काम आरंभिले आणि सिद्धान्ताचा हट्ट सोडून मातीची खोली, तिचा रंग, गावाचे बाजारापासूनचे अंतर आणि मागील वसुलाचा अनुभव यांवर आकारणी बसविली. पुढची शंभर वर्षे मुंबई इलाख्याचा जमीनमहसूल ज्या पायावर उभा राहिला तो हाच. तेहतीस फूट लांबीची सोळा आणे साखळी, तिच्या एका चौरसाचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर आणि शेताच्या कोपऱ्यात पुरलेला हद्दीचा दगड हे सारे आपल्या बोलण्यात इतके मुरले की ते कोणा परक्या इंजिनिअराने आणले याची आठवणही कोणाला राहिली नाही.

या मोजणीने जमीन किती आणि तिचा आकार किती हे लिहिले. ती कोणाच्या हक्काची आहे हे सविस्तर लिहिण्याचे काम १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ गावाची लेखणी वंशपरंपरेने कुलकर्ण्याच्या हाती होती, आणि त्या लेखणीने कुणब्याचे काय केले हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने जोतीराव फुल्यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडावा. कुलकर्णी वतने १९५१ साली खालसा झाली आणि पगारी तलाठी गावात आला. त्याच्या दप्तरात गावनमुने एकवीस. त्यांतील सातवा हक्कांचा, बारावा पिकांचा. हे दोन एकाच कागदावर खाली-वर छापले गेले आणि सातबारा या जोडनावाने शेतकऱ्याच्या घरी वेद-पुराणांहून अधिक आदराने जपले जाऊ लागले. सहावा नमुना फेरफाराचा. जमीन विकली, वारसा उघडला, कर्ज काढले, फिटले की प्रथम येथे नोंद पडते. हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग ती सातव्या नमुन्यात उतरते. (हे सगळे पश्चिम महाराष्ट्रापुरते. मराठवाड्यातील दप्तर निजामी अमलातले, विदर्भातील मध्यप्रांताच्या वळणाचे, आणि दोन्हींची गुंतागुंत निराळी.)

आता या कागदाच्या अधिकाराची मौज पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही असे सांगते की, या अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी. आणि सर्वोच्च न्यायालयाने वारंवार असे सांगितले आहे की, फेरफाराने कोणालाही मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलाच्या प्रयोजनापुरती आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. व्यवहारात मात्र पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, जामीन, मुलीच्या सोयरिकीत वरपक्षाची ऐपत या सर्व ठिकाणी त्याच्यावाचून दुसरा पुरावा कोणी विचारीत नाही. निवडणुकीच्या दिवसांत कर्जमाफीची मागणीदेखील ‘सातबारा कोरा करा’ याच शब्दांत होते, कारण इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढला की तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही.

आणि नोंदीच्या एका ओळीने घर कसे उभे राहते वा बसते, याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राने १९५७ साली घेतला. १९४८ च्या कुळकायद्याला पुढे जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये १ एप्रिल १९५७ या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा खरेदीदार ठरला. कसत होता म्हणजे काय, तर बाराव्या नमुन्यात कसणाराचे नाव काय आणि रीत कोणती ते पाहा. त्या दिवसाच्या आधीच्या हंगामांत कित्येक कुळांची नावे पीकपाहणीतून हळूच गळाली, कित्येकांनी जमीन ‘राजीखुषीने’ सोडल्याचे लिहिले गेले. उलट काही ठिकाणी सज्जन तलाठ्याने मालकाचा दबाव झुगारून शेतात पाहिले तेच लिहिले आणि त्या एका अक्षरओळीवर पुढे दोन पिढ्या सुखाने जेवल्या. निवृत्तीला बरीच वर्षे उलटलेल्या एका तलाठ्याशी या विषयावर बोलत होतो, तेव्हा ते म्हणाले, “अहो, आम्हाला लोक भाऊसाहेब म्हणायचे ते काय उगाच? कलेक्टर वर्षातून एकदा जमाबंदीला यायचा, आम्ही रोज गावात. कलेक्टरचा हुकूम फिरायचा, आमची पेन्सिल फिरत नव्हती.” या उद्गारात फुशारकी होती आणि थोडी लाजही होती, असे मला वाटले.

ती पेन्सिल संगणकाने काढून घेतली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी आपोआप तलाठ्याच्या संगणकात पोहोचते, फेरफाराला क्रमांक पडतो, आणि नोंद कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे कोणालाही पाहता येते. मागच्या तारखेची नोंद घुसडणे, दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात नाव लिहिणे, पान फाडून ‘वाळवीने खाल्ले’ असे पंचनाम्यात म्हणणे या जुन्या कलांना आता वाव उरला नाही, आणि ज्या कोणाला जुने दिवस गोड वाटतात त्याने या कलांची एकदा मनोमन उजळणी करावी असे मी सुचवीन.

परंतु हाताने लिहिलेले अडीच कोटी उतारे संगणकात चढविले कोणी आणि कसे? ठेक्यावर घेतलेल्या, कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यातील, गावाच्या वाकड्यातिकड्या नावांशी कसलाही परिचय नसलेल्या मुलांनी ते झपाट्याने टंकून काढले. मूळ कागदावर कंस कोठे सुरू होतो आणि कोठे मिटतो यावर खातेदाराचा हिस्सा ठरतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. गुंठा हा आरपेक्षा किंचित मोठा, त्यामुळे पाच एकरांचे दोन हेक्टर आणि सुमारे सव्वादोन आर होतात. पण घाईत पाच एकर म्हणजे सरळ दोन हेक्टर असे कोठे लिहिले गेले असेल, तर तेथे सव्वादोन आर हवेत विरले. कंसात टाकलेले, म्हणजे कमी केलेले नाव जिवंत झाले. जिवंत नाव कमी झाले. सातव्या नमुन्यातील एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळेना, तेव्हा यंत्राने तो सर्व्हे नंबर अडवून धरला. कागदी दप्तराला बेरीज येत नसे आणि म्हणून ते चालत असे. यंत्राला बेरजेखेरीज दुसरे काही येत नाही.

हे दोष शासनाच्या ध्यानात आले नाहीत असे नव्हे. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडीवाचन झाले. तलाठ्याने संगणकातील उतारे गावापुढे मोठ्याने वाचावयाचे, आणि चूक असेल तर जागच्या जागी सांगावयाची, अशी ती योजना होती. मला विचाराल तर संगणकीकरणाच्या या सगळ्या प्रकरणात खरोखर शहाणपणाचे म्हणावे असे पाऊल हेच एक होते, कारण नोंदीचा खरेखोटेपणा जाणणारे यंत्र पुण्याच्या जमाबंदी आयुक्तालयात नसून गावाच्या पारावर बसलेले असते. बाळू आणि बाळासाहेब एकच की दोन, ओढ्याकाठचा तुकडा कोणत्या भावाच्या वाटणीचा, निपुत्रिक वारलेल्या चुलत्याला परगावी दिलेली लेक होती की नव्हती, ही माहिती कोणत्याही सर्व्हरवर नाही. परंतु ते वाचन ऐन उन्हाळ्याच्या धामधुमीत, कोठे मनापासून तर कोठे फोटो काढण्यापुरते उरकले गेले, आणि त्यानंतर ते दरवर्षी त्याच आस्थेने व्हावे असे कोणाला वाटले नाही.

एकदा ती संधी गेली की चुकीची दुरुस्ती संहितेच्या कलम १५५ खाली. हे कलम लेखनप्रमादापुरते आहे. अर्ज तहसीलदाराकडे, अहवाल तलाठ्याचा, जबाब हितसंबंधितांचे, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांच्या नकला अभिलेखकक्षातून, आणि मग आदेश. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सेतू केंद्राच्या बाकावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याच्या पिशवीत मला अशा नकलांची जाड चळत दिसली. त्यांच्या वडिलांच्या नावातील एक अक्षर संगणकात बदलले होते; चूक सरकारची हे सर्वांना मान्य होते, तरी ती चूक असल्याचे सिद्ध करणे हे त्यांचे काम होते. “भाऊसाहेब चांगला माणूस आहे,” ते म्हणाले, “पण तो म्हणतो, बाबा, माझ्या हातात आता काहीच राहिलं नाही.” पूर्वी हेच काम भाऊसाहेबाने शंभर रुपये घेऊन दुपारच्या आत केले असते. ती लाच होती, आणि तिचे समर्थन करण्याची माझी यत्किंचितही इच्छा नाही. परंतु ज्या व्यवस्थेत लाच बंद होते आणि काम होत नाही, तिला सुधारणा हे नाव देताना जरा थांबावे लागते.

पीकपाहणीचेही असेच झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढावे आणि बाराव्या नमुन्याची नोंद आपली आपण करावी, अशी ई-पीकपाहणी राज्यभर आली. कल्पना उत्तम. चावडीत बसून गेल्या वर्षीची पिके यंदाच्या रकान्यात उतरविणाऱ्या तलाठ्याची ती विद्या एका फटक्यात निरुपयोगी ठरली, आणि ज्याचे शेत त्याच्या हाती लेखणी आली. हे पाहावयास फुले असते तर त्यांना समाधान वाटले असते. मात्र त्या लेखणीला चांगला मोबाइल लागतो, शेतात रेंज लागते आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हरची कृपा लागते. ज्या डोंगरी गावांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते तेथे पीक खाली आणि शेतकरी वर, अशी अवस्था होते. नोंद राहिली की विमा, खरेदी केंद्र, अतिवृष्टीची भरपाई या सर्वांच्या दारी तो ‘पीक पेरलेच नाही’ असा इसम ठरतो. पुढे नोंदीसाठी गावपातळीवर सहायक नेमण्याची सोय झाली, म्हणजे मधल्या माणसाची गरज यंत्राला पुन्हा भासली.

नकाशाचे दुखणे याहून खोल आहे आणि त्याविषयी थोडक्यात सांगतो. नावे महसूल खात्याकडे, नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे, आणि जमीन मात्र एकच. भावाभावांनी तोंडी वाटणी करून मधे बांध घातला, सातबारावर हिस्से लागले, पण पोटहिश्श्याची मोजणी कोणी केली नाही; अशा गटांचा नकाशा कित्येक ठिकाणी अजून जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणाच्या वेळचाच आहे. आता रोव्हर नावाचे यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक हद्द दाखविते. साखळीने जे भांडण फूटभर जागेत झाकले होते ते या अचूकतेने उघडे पडते, आणि ते मिटविणारा दिवाणी न्यायाधीश काही उपग्रहावरून येत नाही.

परंतु मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे ते, जी नावे चुकली नाहीत, कधी लिहिलीच गेली नाहीत, त्यांविषयी. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकत्र कुटुंबाचा कर्ता. बाप वारल्यावर सोय म्हणून एका मुलाचे नाव लावले आणि बाकीची भावंडे त्या तीन अक्षरांच्या मागे उभी राहिली. धाकट्या भावांनी पुढे भांडून आपली नावे बाहेर काढली. बहिणी तेथेच राहिल्या. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या दशकाच्या आरंभी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला आणि १९९२ साली शासनाने त्या नोंदींची वाट सोपी केली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली राहिलेली शंकाही काढून टाकली. म्हणजे कायदा आपले काम करून बसला आहे. यंत्रही तयार आहे. वारसांच्या यादीत बहिणीचे नाव भरले तर ते भावाच्या नावाइतक्याच वेगाने उताऱ्यावर उमटेल. अडते ते अर्ज भरणाऱ्या हाताशी. वारसनोंदीचा अर्ज भाऊ करतो, वारसांची माहिती भाऊ देतो, आणि जेथे बहिणीचे नाव लागतेच तेथे लगोलग हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर बसणाऱ्या एका दस्तलेखकाने मला सांगितले की, दिवाळीनंतरच्या दिवसांत हक्कसोडपत्रे वाढतात, कारण तेव्हा माहेरवाशिणी आयत्याच घरी आलेल्या असतात. साडी घेतलेली असते, जेवण झालेले असते, गाडी दाराशी असते, तेवढ्यात भाऊ म्हणतो, “ताई, एक सही राहिली आहे, येता येता करून टाकू.” ताई सही करते. कोणी तिच्यावर जुलूम केला असे तीही म्हणत नाही.

अशा दस्तावरची नोंद संगणकाला निर्दोष वाटते. दस्त नोंदलेला, मुद्रांक भरलेला, अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र जागच्या जागी, हरकत कोणाची नाही. महसूल खात्याच्या सर्व यंत्रांना मिळून हा फेरफार जितका स्वच्छ दिसेल तितका दुसरा कोणताही दिसणार नाही.

२०२४ साली शासनाने तलाठ्याचे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असे केले. लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात. पदनामापेक्षा त्याने दर उन्हाळ्यात गावापुढे उतारे मोठ्याने वाचण्याची सक्ती झाली, त्या वाचनाला लेकी-सुनांना नावाने बोलावणे गेले आणि त्या बैठकीत निघालेली लेखनाची चूक दुरुस्त करण्याचा खर्च आणि खटाटोप शेतकऱ्याऐवजी दप्तराने सोसला, तर या संगणकीकरणावर झालेला खर्च सार्थकी लागेल. तो दिवस येईपर्यंत वाचकांना माझी विनंती एवढीच की, गावी आपली जमीन असेल तर या भाऊबीजेच्या आधी पंधरा रुपये खर्चून तिचा उतारा काढावा, इतर हक्कांच्या रकान्यासह तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावा, बहिणीचे नाव त्यात नसेल तर फेरफाराचा अर्ज भरावा, आणि ते असेल तर यंदा तिच्यापुढे कोणताही कागद सहीसाठी ठेवू नये.